गाडीचं ऐकू येईना

डफळापूर मागे पडलं आणि गाडीच्या पोटात टकटक सुरू झाली. खडी उडत असेल म्हणून गुंडा ड्रायव्हरने आधी तिकडे लक्ष दिलं नाही. पण बऱ्या रस्त्यालाही ती थांबेना, आणि पायाखालच्या फळ्या थरथरू लागल्या, तेव्हा त्याचं तोंड उतरलं. लष्करात असताना त्याने असल्या गाड्या भर माळावर मान टाकताना पाहिल्या होत्या.

मागच्या सीटवर मनुबाई घोंगडं पांघरून आडवी होती. कालपासून पोटात कळा, पोट दगडासारखं झालेलं. जतच्या वैद्याने हात टेकले आणि आजच्या आज मिरजेचा दवाखाना गाठा म्हणून सांगितलं. श्रेणिकशेठने आपली गाडी दिली, वर ड्रायव्हर दिला. लढाईमुळे पेट्रोल अत्तरासारखं मिळत होतं, त्या दिवसांत परक्या माणसाने याहून काय करावं? मनुबाईचा मुलगा नाथाजी तिला धरून बसला होता. दर खड्ड्याला म्हातारी कण्हायची आणि नाथाजीचा जीव तुटायचा.

आवाज कुठला ते आत्ताच कळायला हवं, असं गुंडा म्हणाला. मागच्या चाकाचा असला तर हळूहळू का होईना, पोचता येईल. चाकं फिरवणाऱ्या मधल्या दांड्याचा, शाफ्टचा, असला तर शाफ्टच गळून रस्त्यावर पडेल, मग आज मिरजेचं नाव नको. त्याने गाडी हळू केली, जोरात नेली, मान तिरकी करून ऐकलं. पण टकटकीत कण्हणं मिसळत होतं.

"म्हातारीला जरा गप करशील का गड्या?" तो ओशाळून म्हणाला. "मला गाडीचं ऐकू येईना."

नाथाजीने आईच्या कानाशी तोंड नेलं. "आये, जरा दम धर. आवाज करू नगंस."

मनुबाईने मान हलवली. पदराचा बोळा करून तोंडात कोंबला, घोंगडं तोंडावरून ओढून घेतलं. कुणाच्या ना कुणाच्या सांगण्यावरून ती जन्मभर गप बसत आली होती. हे तिला शिकवावं लागलं नाही.

गुंडाने सांगितलं तसा नाथाजी खाली आडवा झाला आणि त्याने फळीला कान लावला. धरायला दुसरं काही नव्हतं, म्हणून त्याने आईचा खाली टेकलेला पाय धरला. पाय थरथरत होता. किती सोसतेय बिचारी, असं त्याला वाटलं. आवाज मात्र आता स्वच्छ येत होता. गुंडाने गाडी रेटली की ऐन मधोमध टकटक व्हायची, पेडलवरून पाय काढला की थांबायची. नाथाजी तसं सांगत गेला.

शाफ्टचा सांधाच होता. गुंडाने गाडी उभी केली, खाली शिरला. बोल्ट ढिले झालेले आणि आत वंगणाचा टिपूससुद्धा नाही. ग्रीस तर बाजारातून कधीच गडप झालं होतं. मागून एक बैलगाडी येत होती. तिच्या कण्याखाली वंगणाचा नळा लोंबत होता. नाथाजी पळत जाऊन पाया पडून वंगण घेऊन आला. येता येता त्याने घोंगड्याकडे पाहिलं. हालचाल नव्हती. डोळा लागला असेल, असं समजून त्याला बरं वाटलं. गाडी थांबल्याने तेवढाच तिला आराम.

गुंडाने सांध्यात वंगण भरलं, बोल्ट आवळले आणि हात न पुसताच गाडी सुरू केली.

नाथाजीने पुन्हा फळीला कान लावला, आईचा पाय धरला. टकटक गेली होती. फळ्या थरथरत नव्हत्या. पायही थरथरत नव्हता.

"येतोय का रं आवाज?" गुंडाने पुढून विचारलं.

नाथाजी उठला. त्याने घोंगडं बाजूला केलं. पदराचा बोळा कोंबला तसाच तोंडात होता.

"न्हाई," तो म्हणाला.

गुंडाला हायसं वाटलं. त्याने गाडी आणखी जोरात सोडली.