सान्वीसाठी प्रार्थना

सान्वीचा हात गार पडला होता. शुभदाने तो आपल्या दोन्ही हातांत धरला, तरी पोर अंग चोरूनच उभी होती. समोर सतरंजीवर गुडघे टेकून बसलेली लॉइस तिच्याकडे पाहून हसली. सान्वी आणखीच आक्रसली.

टिटवाळ्याच्या पुढे, वस्ती संपते तिथे हा अनाथ मुलांचा आश्रम होता. कॅनडातल्या एका चर्चची माणसं आठवडाभर इथे सेवेसाठी आली होती. मुलांना आंघोळी घालायच्या, गाणी शिकवायची, भिंती रंगवायच्या. लॉइस त्यांची प्रमुख, निवृत्त नर्स. शुभदा डोंबिवलीत इंग्रजीच्या शिकवण्या घ्यायची. आश्रम चालवणाऱ्या विश्राम सरांनी तिला दुभाषी म्हणून बोलावलं होतं.

आज निरोपाचा दिवस. एकेका मुलाने पुढे येऊन आपल्याबद्दल सांगायचं, शुभदाने ते इंग्रजीत करायचं, मग लॉइसने त्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायची. सर शेजारीच खुर्ची टाकून बसले होते.

"सांग बाळ," सर म्हणाले. आवाज अगदी मऊ होता.

"माझे आईबाबा देवाघरी गेले," सान्वी पाठ केल्यासारखं म्हणाली. "मला कोणी नाही."

सकाळपासून प्रत्येक मूल हेच सांगत होतं. शुभदाने तेही इंग्रजीत केलं. लॉइसचे डोळे भरून आले. तिने हात पुढे केला, तशी सान्वी शुभदाच्या पाठीमागे सरकली.

"घाबरतेस कशाला गं?" शुभदा खाली वाकली. "ती तुझ्या आईबाबांसाठी प्रार्थना करणारे."

सान्वीने एकदा सरांकडे पाहिलं. मग शुभदाच्या कानाला तोंड लावलं.

"ताई, तिला सांग ना, नको करू. देवाला खरं वाटेल."

"काय खरं वाटेल?"

"आई मेली असं. ती कोपरीला असते. शाळेसाठी ठेवलंय मला इथे. पाहुणे आले की असंच बोलायचं, नाहीतर कोंडतात."



"काय म्हणतेय?" सरांनी विचारलं.

"लाजतेय." तिच्या तोंडून निघून गेलं.

"मग आटपा. जेवणं थांबलीत."

सरांना इंग्रजी कळत होतं. फाटकाला कुलूप होतं, किल्ली त्यांच्या खिशात. आत्ता बोलावं, तर उद्या पाहुणे विमानात बसतील, आपण डोंबिवलीला घरी असू, आणि ही पोर इथेच राहील. त्यांच्या ताब्यात. गप्प राहिलं तरी ती इथेच राहील.

लॉइसने डोळे मिटले. तिचा हात सान्वीच्या केसांवर टेकला. संथ आवाजात ती देवाशी बोलू लागली. सान्वीनेही डोळे घट्ट मिटून घेतले. तिचे ओठ हलत होते. शुभदाने कान दिला.

"आहे, आई आहे," सान्वी पुटपुटत होती. "आहे, आई आहे."

शुभदाने लॉइसचं मनगट धरलं.

"थांबा," ती इंग्रजीत म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "हिची आई जिवंत आहे. कोंडतील या भीतीने ही खोटं बोलली. तुम्ही निघून गेलात तर हिचं काय होईल, मला माहीत नाही."

सर ताडकन उठले. खुर्ची मागे पडली. "मॅडम, पोरं काहीही बोलतात. तुम्हीही ऐकता?"

लॉइसने त्यांच्याकडे पाहिलं नाही. तिने सान्वीच्या डोक्यावरचा हात हळूच काढून घेतला आणि तिची क्षमा मागितली. मग वळून आपल्या माणसांना म्हणाली, "मुलांना सोडून कोणीही इथून हलायचं नाही."

ती सगळी माणसं दार अडवून उभी राहिली.

शुभदाने फोन काढला. मुलांच्या हेल्पलाइनचा नंबर तिला पाठ होता. तिने तो लावला. सर अगदी जवळ आले. "फोन ठेवा. तुम्हाला हे महागात पडेल," ते हळूच म्हणाले. तिने ठेवला नाही. सान्वीला पोटाशी धरून ती पत्ता सांगत राहिली.

"मूल एकच आहे का?" पलीकडच्या बाईने विचारलं.

"हो. सहा वर्षांची मुलगी आहे."

तेवढ्यात कुणीतरी तिची ओढणी ओढली. रसिका होती, सगळ्या मुलांत मोठी. "मला कोणी नाही" हे सकाळी सगळ्यात खणखणीत तिनेच म्हटलं होतं.

"ताई, माझीपण आई आहे," ती म्हणाली. "कल्याणला."

तिच्या मागे सतरंजीवरून एक मूल उठलं. मग आणखी एक. मग रांगच्या रांग उभी राहू लागली.

"थांबा," शुभदा फोनमध्ये म्हणाली. "एकच नाहीये."