विसरलेल्या दोन पेंढ्या

शकुबाईनं डोक्यावरच्या गव्हाच्या दोन पेंढ्या ओट्यावर टाकल्या आणि पदरानं घाम पुसला.

"सर, तुमचा माल. बाभळीखाली राहिला होता. मी सरवा वेचाय गेले, तवा दिसला."

दानियल सर पेंढ्यांकडं बघतच राहिले. कुरुंद्याच्या शाळेत चाळीस वर्षं गणित शिकवलेला माणूस. पोराचं नाव घ्या, हा आज्याचं सांगायचा. आणि आता? परवा गॅसवर दूध विसरले, काल शाळेपुढं उभं राहून स्वतःच्या घराची वाट विचारली. ठाण्याला राहणारा मुलगा एलिझर रविवारी न्यायला येणार होता. शेत विकायचं आणि दोघा नवराबायकोनं त्याच्या फ्लॅटमध्ये जाऊन राहायचं, असं ठरतच आलं होतं.

दारात उभ्या त्यांच्या बायकोचा, एस्तेरबाईंचा चेहरा उतरला. झालं, आणखी एक भर.

सर मात्र एकदम सावरून बसले. अंगणात वाटेकरी मसाजी बैल सोडत होता. "मसाजी, खरं सांग. या पेंढ्या तुझ्या ध्यानात होत्या?"

"न्हाई बा सर. चुकलंच."

"एस्तेर, तुझ्या?"

"मी पाणी घेऊन आले होते तिथं. मलाही नाही दिसल्या."

सरांनी चक्क टाळी वाजवली. "शकू, उचल! तुझ्या आहेत त्या."

"काहून? मी भीक मागाय आले व्हय?" शकुबाई फणकारली. नवरा गेल्यापासून ती सगळं रान वेचायची, पण हात पसरायची नाही.

"अगं, भीक कसली! आमच्या ज्यू लोकांच्या तोराहमध्ये लिहिलंय, कापणीत पेंढी विसरली तर आणायला मागं फिरायचं नाही. ती परक्याची, पोरक्याची, विधवेची. शेताचा एक कोपरा मी दरवर्षी गरिबांसाठी न कापता सोडतो, गळलेल्या ओंब्यांचा सरवा सोडतो. पण हे एक पुण्य ठरवून करताच येत नाही. मालक, गडी, सगळ्यांनी खरोखर विसरावं लागतं. माझं मेलं डोकं असं, की जन्मभर जमलं नाही. आज जमलं!"

"बघा बाई," मसाजी हसला, "विसरल्याचा आनंद करून राहिले सर!"

शकुबाईनं पेंढ्या परत डोक्यावर घेतल्या. जाताना तिची मान मघापेक्षा ताठ होती.

एस्तेरबाईंनी पोहे भिजत घातले, नारळ फोडला. नवस फिटला की त्यांच्या घरी गोड पोह्यांचा मलिदा होतो. नवस कुणी बोललं नव्हतं, पण त्यांना तसंच वाटलं.

दिवेलागणीला फोन वाजला. एलिझरचा रोजचाच प्रश्न, "बाबा, आज काय विसरलात?" रोज सर "काही नाही" म्हणायचे.

"दोन पेंढ्या!" आज ते ओरडलेच.

 एलिझरनं हळूच विचारलं, "आई? मसाजीकाका? तेही विसरले होते?"

"सगळे रे, सगळे!"

 पलीकडं नाक ओढल्याचा आवाज.

"बाबा, शेत विकायचं राहू द्या. पेरणीला मी येतो. कोपरा कुठला सोडायचा, तेवढं दाखवाल?"

"उगवतीचा," सर म्हणाले. "तो मात्र माझ्या बराबर ध्यानात आहे."