रविवारचा बहिष्कार

दर रविवारी ताईच्या घरी खेळ रंगायचा. ताई, तिचा मोठा भाऊ आणि बाहेरचे तिघं: एक दाढीवाला, एक नर्सबाई आणि एक इलेक्ट्रिशियन. प्रत्येकाने एकेक पात्र व्हायचं, फासे टाकायचे आणि मिळून गोष्ट पुढे न्यायची. त्या रविवारी मात्र फाशांना कुणी हात लावला नाही. खेळ काढणाऱ्या कंपनीने जाहीर केलं होतं, की यापुढे खेळात रचलेल्या सगळ्या गोष्टींची मालकी कंपनीची.

"आमच्या डोक्यातल्या गोष्टी यांच्या बापाच्या का?" दाढीवाला तडकला. "आजपासून खेळ बंद!"

नर्सबाईंनी हात वर केला. इलेक्ट्रिशियननेही केला.

ताईने भावाकडे पाहिलं. "निदान सुरू असलेली गोष्ट तरी संपवू या," ती कशीबशी म्हणाली.

"म्हणजे तू कंपनीच्या बाजूने?" दाढीवाल्याने विचारलं.

"तसं नाही रे." खरं कारण भावाच्या देखत सांगायची सोय नव्हती. तो खाली मान घालून बसला होता.

मंडळी पिशव्या उचलून दारापाशी गेली, तसा भाऊ उठला.

"खेळ कुठलाही आणा," तो म्हणाला, "पण पुढच्या रविवारी या."

"येणार की, दादा!" दाढीवाला हसला. "पण आज तुझ्या म्हाताऱ्या जादूगाराचा घोगरा आवाज कुठे गेला?"

ताईने दाराची कडी घट्ट धरली. वहिनीला जाऊन दीड वर्ष झालं होतं, आणि तेव्हापासून दादा बोलायचा तो फक्त रविवारी, फक्त त्या म्हाताऱ्याच्या आवाजात.