फिटची गोळी

आईला फिट यायची बंद झाली, हे मी अख्ख्या पाली गावाला ओरडून सांगितलं. का नाही सांगणार? तिला पुण्याच्या डॉक्टरकडे मीच हट्टानं नेलं होतं, त्यांनी दिलेली गोळी रोज मीच देत होते! फिट आली की हुंगवायला दारामागं ठेवलेली जुनी चप्पलही मीच उकिरड्यावर भिरकावली.

रविवारी मामाची सारिकाताई आली. ती प्रयोगशाळेत उंदरांना फिटची औषधं देऊन बघते. मी तिच्या मागंच लागले, "सांग ना, गोळी दिल्यावर उंदीर काय करतात?"

"फिट येत नाही त्यांना. पण काही काही खाऊची वाट विसरतात. रोजची पेटी, रोजचा कोपरा, तरी मधेच थांबून नुसते बघत राहतात."

"येडेच की!" मी खदखदून हसले.

भाकरी थापणारे आईचे हात थांबले. मागच्याच आठवड्यात शेतावरून येताना ती आमचं घर ओलांडून पार शाळेपर्यंत गेली होती. "लक्षच नव्हतं गं," म्हणाली होती, आणि तेव्हाही मी हसले होते.

"सारिके," तिनं हळूच विचारलं, "त्यातल्या उंदरिणीला तिची पिल्लं तरी वळकू येत्यात का गं?"