रेशनवरचे बाबा
रेशनच्या पावाचं वजन कमी होणार, ते लोकांच्या गळी उतरवायला हवानातल्या आमच्या गल्लीत सभा भरली. सरकारकडून आलेली बाई माइकवर म्हणाली, "कोण म्हणतं पाव पुरत नाही? तुमचे एवेलिओ बघा. वय पंच्याण्णव! याच पावावर ठणठणीत आहेत." एवेलिओ म्हणजे माझे बाबा. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. गल्लीत सगळेच करतात तसं मीही त्यांचं नाव रेशनच्या वहीतून कमी केलं नव्हतं. रोज एक पाव जास्त मिळायचा. आजचा हातातच होता. मागून शेजारचा योस्बेल मोबाइल रोखून कुजबुजला, "ताई, सांगून टाक, म्हातारा उपाशी मेला. आजच मायामीच्या सरकारविरोधी चॅनलला पाठवतो. सरकारचं तोंड काळं होईल." उपाशी? बाबा डॉमिनोचा डाव जिंकून, पोटभर भात जेवून झोपले ते उठलेच नाहीत. पण ही गोष्ट दोघांच्याही कामाची नव्हती. "कॉम्रेड, वडिलांना जरा बाल्कनीत बोलवा ना," बाई म्हणाली. तिच्यासोबत आलेला टीव्हीचा कॅमेरा आमच्या घराकडे वळला. खरं बोलले तर पाव जाणार, वर तुरुंग. तेवढ्यात बाल्कनीचं दार उघडलं. मागच्या दाराने घरात शिरलेले बाबांचे डॉमिनोचे भिडू रेनेरिओकाका बाबांची हॅट घालून बाहेर आले आणि त्यांनी हात हलवला. बाबांच्या शवपेटीला खांदा दिलेली अख्खी गल्ली टाळ्या वाजवू लागली. योस्बेलने मोबाइल खिशात घातला. त्याच्या वहीत त्याची मेलेली आजी अजून जेवत होती. बाबांचा पाव काखेत दाबून मीही टाळ्या वाजवल्या.