डबल अल्बमची वाटणी

"सॅक्सोफोनवाले सगळे हिच्याकडे जाऊ देत. ऑर्गनवाले माझे," चष्मेवाला नवरा म्हणाला, आणि डॉक्टरांनी फरशीवरच्या रेकॉर्डच्या दोन ढिगांकडे न्यायाधीशाच्या नजरेनं पाहिलं.

फ्लॅट, फ्रिज आणि गाडीची वाटणी वकिलाच्या ऑफिसात चहा गार व्हायच्या आत झाली होती. घोडं अडलं ते रेकॉर्डपाशी. म्हणून रविवारी सकाळी दोन मध्यस्थ बोलावले होते, एक दातांचे डॉक्टर आणि एक विमेवाला. तिसरा मिळण्यासारखा नव्हता, कारण प्रोग्रेसिव्ह रॉक आणि अवांगार्द जॅझ असलं आडवळणाचं संगीत कळणारी माणसं अख्ख्या शहरात चारच होती. त्यांतल्या दोघांनी एकमेकांशी लग्न केलं होतं आणि आता ते मोडायला काढलं होतं. घटस्फोटाच्या कागदांवर सह्या दुसऱ्याच दिवशी नव्हे, तर त्याच्या पुढच्या सोमवारी व्हायच्या होत्या. तेवढा वेळ रेकॉर्डसाठी राखून ठेवला होता.

'कळणारी' हे अर्थात त्यांचं स्वतःचं मत. शेजाऱ्यांना वाटे, या घरात दर रविवारी कोणीतरी भांड्यांचं कपाट जिन्यावरून ढकलून देतं आणि ते खाली पोचायला पाऊण तास लागतो.

दर रविवारी हे चौघांचं मंडळ त्या घरी ऐकायला जमे आणि त्याचा नियम एकच होता. रेकॉर्डची एक बाजू वाजत असेपर्यंत कोणी ब्र काढायचा नाही. बोलायचं ते बाजू बदलताना. बदलायचं काम नवरा-बायकोचं. डॉक्टर पहिल्या रविवारी आरामखुर्चीत बसले ते त्यानंतर कधी मध्ये उठले नाहीत. रसिकतेला बैठक लागते, असं ते म्हणत.

हा नियम रविवारपुरता राहिला असता तर बरं झालं असतं. पण घरात रोजच काही ना काही वाजत असे. बायको शाळेत गणित शिकवायची. तिला सगळे बाईच म्हणत, नवरासुद्धा. बाईंची आई आजारी पडली, शाळेत नव्या हेडमास्तरांनी छळ मांडला, कधी नुसतंच रडू आलं, तर या सगळ्यासाठी त्यांना बाजू बदलायला लागतो तेवढा वेळ मिळे. तेरा मात्रांचा ठेका नेमका कुठे चौदाचा होतो, ते चष्मेवाल्याला झोपेतही कळलं असतं. बायको बोलायची कधी बंद झाली, ते कळलं नाही. कान इतके तयार असले की असं होतं.

मध्यस्थांनी काम मनावर घेतलं. लग्न वाचवावं असं दोघांच्याही मनात आलं नाही. जपानी छपाईची दुर्मिळ प्रत कोणाकडे जाते याची मात्र त्यांना खरीखुरी काळजी होती. प्रत्येक रेकॉर्ड निघाली की विमेवाला तिच्यावर व्याख्यान देई. एखादी आवडली की डॉक्टर म्हणत, "हा त्यांचा विकाऊ काळ. हिच्यावरून कशाला भांडता?" आणि ती बाजूला ठेवत. बाजूला म्हणजे स्वतःच्या पिशवीजवळ. दोन बोक्यांच्या गोष्टीतलं माकडही इतक्या सफाईनं वागलं नसेल.

शेवटी एक डबल अल्बम उरला. दोन रेकॉर्ड, चार बाजू आणि चारही बाजू मिळून एकच रचना. लग्नाआधी दोघांनी मिळून घेतलेला.

"तुला राहू दे," चष्मेवाला म्हणाला.

"नको. तुलाच राहू दे," बाई म्हणाल्या.

डॉक्टर हसले. "अहो, आत दोन रेकॉर्ड आहेत. एकेक घ्या. एकाला पूर्वार्ध, एकाला उत्तरार्ध. संपला विषय."

बाईंनी चष्मेवाल्याकडे पाहिलं. त्यानंही पाहिलं. सकाळपासून पहिल्यांदाच.

"चालेल," बाई म्हणाल्या आणि त्यांनी दुसरी रेकॉर्ड उचलली.

"चालेल," तोही म्हणाला.

एवढ्या झटपट मिटलं याचं डॉक्टरांना स्वतःचंच कौतुक वाटलं. रिकामं कव्हर त्यांनी मध्यस्थीची आठवण म्हणून ठेवून घेतलं.

पुढच्या रविवारी मंडळ जमलं नाही. चांगले स्पीकर ज्याच्याकडे त्याच्याकडे जायचं, की जपानी प्रत जिच्याकडे तिच्याकडे, यावर दोन्ही मध्यस्थांचं एकमत होत नव्हतं. चष्मेवाल्यानं एकट्यानंच आपली रेकॉर्ड लावली. पहिली बाजू संपली. त्यानं ती उलटली नाही, कारण मागे चौथी बाजू होती.

एकीवर दुसरी रेकॉर्ड आपोआप पडणारी यंत्रं पूर्वी असत. त्यांच्या सोयीसाठी काही डबल अल्बम असेच छापत. एका रेकॉर्डवर पहिली आणि चौथी बाजू, दुसरीवर दुसरी आणि तिसरी. दोन्ही रेकॉर्ड एका घरात नसल्या तर ती रचना सलग ऐकताच येत नाही. हे त्या घरात नवरा-बायको दोघांनाच ठाऊक होतं. डॉक्टर खुर्चीतून एकदा जरी उठले असते तरी तिघांना ठाऊक असतं.

बेल वाजली. दारात बाई उभ्या होत्या. हातात उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेली रेकॉर्ड होती.

"कधी आलीस?"

"मघाशीच. जिन्यात बसले होते. ऐकू येत होतं."

तो बाजूला झाला. आणि नको तेच बोलला. "उद्या सह्या आहेत."

"माहितीये." बाईंनी रेकॉर्ड त्याच्या हातात दिली. "लाव आता ही. आणि काही बोलायचं असलं तर वाजत असताना बोल."