फौजीचं बाळ

मनुबाईंनी सात महिन्यांच्या नातवाला दवाखान्यातल्या टेबलावर ठेवत कौतुकानं सांगितलं, "आवं बाई, जुलाब लागल्यापासून टाळू लय तेल पितीया. आज दोन चमचं मावलं." नर्स गुणमालानं टाळूवर बोट ठेवलं. तिथे खळगा पडला होता. "पाणी पाजताय ना?" तिनं विचारलं. "न्हाई. पाण्यानं जुलाब वाढत्यात. कालपासून अंगावरचं दूधबी बंद केलंय." गुणमालानं पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. घडी तशीच उभी राहिली. डॉक्टरांना हाक मारत तिनं सलाइन लावायला घेतलं. हाताची शीर सापडेना म्हणून पायात सुई टोचली. बाळ हललंसुद्धा नाही. "बाप फौजेत हाय त्येचा, सुईला रडतंय व्हय?" मनुबाईंची मान ताठ झाली. पायातली शीर फुटली. दुसऱ्या पायावर स्पिरिटचा बोळा फिरवताना गुणमाला मनातल्या मनात विनवत होती, "रड रे राजा. एकदा तरी रड."